रजेच्या अर्जाचं पान

घरात नेट नीट यायचं ते फक्त स्वयंपाकघरात, म्हणून तिने लॅपटॉप ओट्यावर मांडला होता. पडद्यावर साहेब येऊन बसले होते. बाहेर सासूबाई बाळाला मऊ भात भरवत होत्या आणि बाळ तोंड घट्ट मिटून बसलं होतं.

आज जावा भाषेतल्या दोन फ्रेमवर्कची, म्हणजे सॉफ्टवेअर उभारायच्या तयार सांगाड्यांची, तुलना होती. रजेच्या अर्जाचं एकच पान तिने दोन्हींत बनवलं होतं, एक कंपनीच्या जुन्या फ्रेमवर्कमध्ये, दुसरं साहेबांच्या लाडक्या नव्यात. नवं पसंत पडलं तर कंपनीचं सगळं सॉफ्टवेअर पुन्हा लिहायचं होतं, आणि ते घोंगडं तिच्याच गळ्यात पडणार होतं. म्हणजे बाळासोबतची संध्याकाळ गेली, रविवारही गेला.

तिने जुनं चालू करून पान उघडलं. "फारच रेंगाळतं," साहेबांनी जांभई दिली. तेवढ्यात बाळाने भोकाड पसरलं आणि सासूबाई त्याला कडेवर घेऊन दुसरी वाटी शोधायला आत आल्या. त्या गडबडीतच तिने नवं सुरू केलं आणि पान पुन्हा उघडलं.

"याला म्हणतात वेग," साहेब खुर्चीत सरसावले. "जुन्याला हे सात जन्मांत जमलं नसतं."

मग तिला पडद्याच्या कोपऱ्यातल्या चुकीच्या लाल ओळी दिसल्या. दोघांना तिने पोर्ट एकच दिला होता, म्हणजे आत यायला दार एकच. आणि जुनं बंद करायचं राहून गेलं होतं. ते आत पाय पसरून बसलेलं, नवं उंबऱ्यावरूनच परतलेलं. एकदा चालून अंग मोकळं झालेलं, म्हणून दुसऱ्या खेपेला पळणाऱ्या जुन्याचेच गोडवे साहेब गात होते.

सांगावं तर साहेबांचं हसं, गप्प बसावं तर रविवार जाणार.

"साहेब, नक्की हेच ना?"

"हेच. काडीचा बदल करायचा नाही."

"मग लिहायचं काही उरलंच नाही. नवं चालूच झालं नव्हतं, साहेब. चूक माझी. तुम्ही बघताय ते जुनंच आहे."

माइक सुरूच होता, आणि त्यात सासूबाईंचा आवाज स्वच्छ उमटला.

"बघ गं, भात तोच. नुसती वाटी बदलली, तर कसा मटामटा खातोय लबाड."

साहेबांनी बराच वेळ चष्मा पुसला.

"जुनंच ठेवू," ते म्हणाले. "फक्त वरचा रंग तेवढा बदला."