अनंतरावांची सही

रुचिराने वडिलांच्या मृत्यूचा दाखला लायसन कचेरीच्या खिडकीतून आत सरकवला, तसा तिथल्या विजयालक्ष्मीबाईंनी तो एका बोटाने परत बाहेर ढकलला.

"हा मी पाहिलाच नाही," त्या म्हणाल्या. "पाहिला तर खानावळीचं लायसन तुमच्या नावावर करावं लागेल. आचारसंहिता आहे. निकालापर्यंत नावबदल बंद."

"मग तोवर?"

"नूतनीकरण चालू आहे, एकतीस मार्चपर्यंत. मालकाची सही आणा. नाहीतर एक तारखेला कुलूप."

मालक, म्हणजे अनंतराव, जानेवारीत गेले होते. चेन्नईतल्या अड्यारची खानावळ त्यांनी बावीस वर्षं चालवली, कुणाला रुपयाही न चारता. त्यामुळे दर मार्चला कचेरीच्या नऊ-दहा चकरा ठरलेल्या. मतदान मात्र ते सातच्या ठोक्याला करायचे, शेगडी पेटायच्या आधी. रुचिराची ही सहावी चक्कर होती.

संध्याकाळी मानाजी जेवायला आला. तंजावरकडचा, वॉर्डातला एका पक्षाचा माणूस. आमटी वाटीने प्यायचा.

"पैसे मिळणार नाहीत," रुचिराने आधीच सांगून टाकलं.

"कोण मागतो अक्का? मतदार यादीत अप्पांचें नाव आहे की. तें काढूं नका, तेवढेंच. सहीचें मी पाहतों."

नाव वगळण्याचा अर्ज दोन महिने तिच्या पर्समध्ये भरून पडला होता. रोज निघताना आज देऊ म्हणायची आणि रोज घरी परत आणायची. तिला जे जमतच नव्हतं, ते करू नका असं कुणीतरी सांगत होतं. तिने भाताचं पातेलं पुढे केलं. मानाजीने आणखी भात घेतला.

चौथ्या दिवशी लायसन आलं. अर्जाच्या प्रतीवर अनंतरावांची सही होती, त्यांच्या हयातीत कधी नव्हती इतकी सुवाच्य.

मतदानाला ती दुपारी गेली, शेवटची पंगत उठल्यावर. केंद्राबाहेर टेबल टाकून बसलेल्या मानाजीने यादी दोनदा चाळली आणि मान खाली घातली. तिच्या नावावर शिक्का होता: मयत.

"काय करूं अक्का," तो म्हणाला. "तुमच्या घरांत एक मरण नोंदलेलें. एक नाव काढावेंच लागलें."

तरीही ती आत गेली. अधिकाऱ्याने तिच्या ओळखपत्रावरचा पत्ता यादीशी ताडून पाहिला.

"या घरात एकच मत आहे. अनंतराव. ते सकाळीच येऊन गेले, सात वाजून पाच मिनिटांनी."

"पाच मिनिटं उशीर झाला त्यांना," रुचिरा म्हणाली.