धोकापात्र तरुणांची यादी

आजार माणसाला होण्याआधी कागदावर व्हावा, हे प्रगत राज्यकारभाराचे पहिले लक्षण होय. झालेला आजार कोणीही ओळखतो. त्यासाठी कक्ष लागत नाही, जीप लागत नाही आणि मुख्य म्हणजे मी लागत नाही.

कापसाची ती वाईट वर्षं. यवतमाळ जिल्ह्यात तेव्हा कापूस वेचणाऱ्यांपेक्षा पाहणी करणारे जास्त. एक पथक माती बघे, दुसरं बोंडअळी. मनाकडे कोणीच बघत नाही हे लक्षात येताच (दोन वर्षांनी) आमचा ‘तरुण मनोधोका शोध कक्ष’ स्थापन झाला. एक आजार असा आहे की माणूस काही दिवस आभाळाला हात लावतो आणि काही महिने अंथरुणातून उठत नाही. त्याला द्विध्रुवी विकार म्हणतात. त्याचा धोका पंधरा ते पंचवीस वयाच्या मुलांच्या रक्तातच, आजार व्हायच्या आत पकडायचा, असा उदात्त हेतू. मी दीनानाथ, वरिष्ठ लिपिक. शिक्का माझ्याकडे.

रक्तात काय बघता म्हणाल, तर झोपेचं संप्रेरक, ताणाचं संप्रेरक आणि सुजेची काही द्रव्यं. यातल्या कशावरूनही एकेका मुलाबद्दल छातीठोकपणे काही सांगता येत नाही, असं आमच्या डॉक्टर मितालीबाईंनी पहिल्याच बैठकीत सांगितलं. (दुसऱ्या बैठकीला त्यांना बोलावलं नाही.) त्यांच्या मते अर्जातला नववा प्रश्न जास्त कामाचा: ‘घराण्यात कोणाला हा आजार आहे काय? हो/नाही.’ पण तो पडला फुकटचा. आम्ही तो शेवटच्या पानावर टाकला.

मोहीम मार्चअखेर संपवणं भाग होतं. म्हणून उमरखेडकडच्या एका बंजारा तांड्यावर आम्ही धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी पोचलो. होळीला तांडा तीन-तीन दिवस लेंगी गातो, नाचतो, झोपतो कोण! एकसष्ट तरुणांचं रक्त घेतलं. एकसष्टच्या एकसष्ट जणांच्या झोपेची अवस्था चिंताजनक निघाली. होळीचा रकाना अर्जात नव्हता, आणि नसलेला रकाना भरणं हे गैरवर्तन आहे. तांडा शंभर टक्के धोकापात्र ठरला. वरून अभिनंदनाचं पत्र आलं.

बासष्टावी ममता. खेमसिंग आणि नंदाबाईची मुलगी, बारावीला. ती होळीच्याही तीन आठवडे आधीपासून जागी होती. आईचे चांदीचे दागिने तिने मैत्रिणींना वाटून टाकले होते. तांड्यात कॉलेज काढायचं म्हणून तीन वह्या भरून नकाशे काढले होते. आमची जीप त्या कॉलेजचीच समजून तिने मला वेळापत्रक विचारलं. बोलण्याला वेग असा, की माझा पेन मागे पडला.

नंदाबाई म्हणाली, “साहेब, माह्या भावाचंबी असंच झालतं, भीमसिंगचं. पयले लय उत्साह, मंग दोन महिने भिंतीकडं तोंड करून पडला. मंग गेलाच तो. पोरीचं तसं नोका होऊ देऊ. रक्त घ्या, पन तिले दवा द्या.”

आता नियम पाहा. धोका म्हणजे अजून न झालेला आजार. ममताला तो झालेला दिसत होता. अर्थात तिला धोका उरलाच नव्हता. मी तिचं नाव वगळलं आणि शेरा मारला: ‘धोका संपुष्टात.’

“मंग दवा?”

“तो विषय दुसऱ्या खात्याचा.”

“कोन्त्या?”

असे अवघड प्रश्न खेड्यातच विचारले जातात.

यवतमाळला आमच्या कर्मचारी वसाहतीतल्या एकशे बारा घरांतूनही अर्ज भरून घेतले. नवव्या प्रश्नाला ‘हो’: शून्य. तांड्यात ‘हो’: एक, नंदाबाई. निष्कर्ष मीच लिहिला, की पक्क्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्या घराण्यांत हा आजार होत नाही. शेजारच्या सदाशिवरावांची मुलगी तीन वर्षांपासून मावशीकडे आहे. (तिला मावशी नाही.) आणि माझ्या पियूषला कावीळ झाली होती.

या काविळीत तो अकरा दिवस झोपला नाही, हॉस्टेलच्या गच्चीवरून भाषणं केली, आणि मग दोन महिने आंघोळीलाही उठला नाही. शोभा, म्हणजे आमची ही, स्वयंपाकघरात नळ सोडून रडायची. क्वार्टरच्या भिंती पातळ असतात. नागपूरच्या एका डॉक्टरांनी पोराला माणसात आणलं. गोळ्यांची मात्रा नीट आहे ना, हे बघायला दर तीन महिन्यांनी त्याचं रक्त तपासतात. रक्त तपासून खरोखर उपयोग होतो, हे मी घरीच शिकलो. आज तो नोकरीला आहे. पण कावीळ ती कावीळच. त्याच्या धाकट्या बहिणीचं, आभाचं, लग्न व्हायचंय अजून.

जूनमध्ये नंदाबाई एसटीने कचेरीत आली. ममता भिंतीकडे तोंड करून पडली होती, जेवत नव्हती.

“साहेब, तुमी एवढ्या पोराइचं रक्त नेलं. तुमाले एखांदा डाक्टर ठाऊक असंनच. कुठंबी घेऊन जाईन मी तिले. फक्त नाव सांगा.”

नाव माझ्या खिशात होतं. पत्ता, फोन, कोणत्या वारी रांग कमी असते, सगळं. पण नाव सांगितलं की बाई विचारणार, तुम्हाला कसं ठाऊक? (ती विचारणार नव्हती. तिला पोरीपलीकडे काही दिसतच नव्हतं.) लाज वाटली, खोटं कशाला सांगू? मी म्हणालो, “अर्ज करा.” तिने कचेरीबाहेरच्या माणसाकडून लिहून आणला. मी शिक्का मारून पोच दिली. पोच घडी घालून पोलक्यात ठेवत ती एसटी गाठायला गेली. आज ऑगस्ट उजाडला. ममता अजून पडूनच आहे, अर्ज विचाराधीन आहे.

काय नालायक माणूस आहे, म्हणालात ना मला? म्हणा. तुमच्याही घरातल्या कोणाची तरी अशीच एक कावीळ आहे आणि तुमच्याही खिशात एका डॉक्टरचं नाव आहे. परवा शेजारीण दारात उभी राहून पोराबद्दल सांगताना रडली, तेव्हा तुम्ही म्हणालात, “जरा हवापालट करून आणा, बरं वाटेल.”

आमच्याकडे निदान पोच तरी मिळते.