सात ठोक्यांचा राघू

घरातली एक वाटी हरवली, म्हणून मी घरातल्या सगळ्या भांड्यांवर खूण घालायची ठरवली. एवढंच. पुढे जे झालं त्यात माझा दोष किती, ते तुम्ही ठरवा. पार्वतीने, म्हणजे माझ्या बायकोने, तिच्यापुरतं ठरवून टाकलेलं आहे.

आधी माझा धंदा सांगतो. बोरिवलीच्या बाजारात एका शेठच्या भांड्यांच्या दुकानाबाहेर मी लाकडी ठोकळा मांडून बसतो आणि विकलेल्या भांड्यांवर नावं घालतो. छिन्नी आणि हातोडी, बस. आधी गिरणीत होतो. संप झाला, गिरणी गेली, हात राहिले. मला वाचता येत नाही. गिऱ्हाईक कागदावर नाव लिहून देतं आणि बायका शेजारणीची रांगोळी बघून काढतात तसं मी ते कागदावरून भांड्यावर काढतो. कधी चुकत नाही. वाचता येणारा चुकतो, कारण तो पुढचं अक्षर मनाने घालतो. मला डोकं वापरायचा प्रश्नच येत नाही. (हे पार्वतीचंही मत आहे, पण तिचं एकंदरीत.)

नाव पुरं झालं की खाली मी एक एवढासा राघू काढतो. चोच, डोळा, पाठ, शेपूट, सात ठोक्यांत राघू तयार. तांदळाच्या दाण्याएवढा. कोणी सांगितलेला नसतो, कोणाला सहसा दिसतही नाही. पण दिवसभर दुसऱ्यांची नावं घालणाऱ्याला आपलं असं काहीतरी लागतंच ना? शेठला मी हे सांगितलं नव्हतं. पार्वतीला तर नाहीच.

तर वाटी. आमची चाळ दहिसरला, नदीच्या अलीकडे. शेजारी मालन. तिच्याकडून वाटीभर सोलकढी आली की आमच्याकडून तीच वाटी रिकामी जाणार नाही, घावन घेऊन जाणार. अशा देवाणघेवाणीत वाटी कोणाची हे देवालाही सांगता यायचं नाही. पार्वतीला मात्र सांगता येत होतं. "मालनीन घेतली," ती म्हणाली. "माका सगळा कळता."

मी म्हटलं, खूण घालतो, म्हणजे भांडण नको. ती म्हणाली, नाव घाला. आता नाव घालायचं तर कागदावर लिहून द्यायला आमची मुलगी राधा हवी, आणि ती टायपिंगच्या क्लासला गेलेली. मग मी नुसता राघू घातला. ताटं, पेले, टोप, सगळ्यांवर.

पार्वतीने भांडं उजेडात धरून बघितलं. "ह्या काय?"

इथे मी चुकलो. म्हटलं, "तुझ्यासाठी काढला. अख्ख्या मुंबईत असा राघू दुसऱ्या कोणाच्या भांड्यावर मिळणार नाही."

लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती, पण ती लाजली. त्या दिवशी माझ्या ताटात बांगड्याचा मधला तुकडा पडला. (खोटं बोलून मिळालेला बांगडा चवीला जरासुद्धा कमी नसतो.)

चार दिवसांनी ती मालनकडून आली ती पदराखाली टोप घेऊन. टोपावर राघू. शेजारी मालनचं नाव होतं, मीच गेल्या दिवाळीत घातलेलं, पण पार्वतीलाही वाचता येत नाही. तिला नुसती अक्षरं दिसली आणि तिचा संशय पक्का झाला. चोरली ती चोरली, वर आपलं नावही घालून घेतलं, असं तिचं म्हणणं. मग मालनचा तांब्या आला. मग समोरच्या खोलीतल्या सखुबाईची परात आली. आमची भांडी वाढत चालली तरी पार्वतीला ती कमीच वाटत होती.

मी सांगणार होतो. जेवण झाल्यावर सांगू म्हटलं. जेवण झाल्यावर ती तीच भांडी घासत होती, आणि घासताना ती राघूवरून अंगठा इतक्या मायेने फिरवायची की माझी जीभ उचलेना. त्यापेक्षा सोपं म्हणून ती बाजारात गेली की मी एकेक भांडं गुपचूप ज्याच्या त्याच्या ओट्यावर ठेवून यायचो. ते पार्वती पुन्हा आणायची. मालनचा टोप तीनदा गेला नि तीनदा आला, तेव्हा मालनने दारावर लिंबू-मिरची टांगली.

असं चालू असताना राधाचं लग्न जुळत आलं. मुलगा पोस्टात, घर कांदिवलीला. त्यांनी राधाला पसंत केलं होतं. आम्ही दोघांनी घर बघून यायचं आणि बोलणी पक्की करायची, एवढंच उरलं होतं. राधाला मुलगा आवडला होता. (तिने सांगितलं नाही, पण आठवडाभर ती भांडी घासताना गुणगुणत होती.)

कांदिवलीला मुलाच्या आईने, रत्नप्रभाबाईंनी, पाण्याचे पेले आणले. पार्वतीने पाणी प्यायलं, पेला फिरवला, आणि तिचा चेहरा बदलला. मी माझा पेला फिरवला. राघू.

पार्वती माझ्या कानाशी लागली. "कांदिवलीपर्यंत पोचली आपली भांडी. ही मालनीची माणसं आसत."

मी काही बोलायच्या आत पेला तिच्या पिशवीत गेला.

रत्नप्रभाबाई पेले उचलायला आल्या. चार आणले होते, तीन मिळाले. त्यांनी खुर्चीखाली बघितलं, पडद्यामागे बघितलं, मग सगळीकडे बघून झाल्यावर आमच्या पिशवीकडे बघितलं. मुलाचे वडील, बळवंतराव, छताकडे बघू लागले. माझ्या डोळ्यांपुढे राधा आली.

पार्वती घाबरणारी नाही. तिने स्वतःच पेला काढून मधोमध ठेवला. "हा आमचा आहे. राघू बघा."

रत्नप्रभाबाईंनी पेला खिडकीपाशी नेला. "यावर नाव माझं आहे. आणि साल चौऱ्याऐंशी."

"नाव काय, कोणीपण घालून घेतं. राघू आमचा." मग पार्वती माझ्याकडे वळली. "सांगा त्यांना. असा राघू मुंबईत दुसऱ्या कोणाकडे आहे काय?"

सगळे माझ्याकडे बघत होते. गप्प बसावं तर बायको चोर ठरते आणि राधाचं लग्न मोडतं. बोलावं तर मी खोटा ठरतो. मी सावकाश हिशेब केला. आपलं काय, आपण जुनेच आहोत.

"सगळ्यांकडे आहे," मी म्हटलं. "नाव घातलं की मीच घालतो. सवय आहे."

बळवंतराव उठले, स्वयंपाकघरात गेले आणि हाताला येतील तेवढी भांडी छातीशी धरून बाहेर आले. प्रत्येकावर राघू. म्हणाले, "तीन वर्षं ही या खुणा दाखवून म्हणते, मी स्वस्तात डागी माल आणला. आज माझी सुटका केलीत." रत्नप्रभाबाई भांड्यांकडे बघत राहिल्या, मग हसू आवरायला आत गेल्या, आणि येताना पेढे घेऊन आल्या. (हे मी सांगतोय आणि लिहून घेतायत ते आमचे जावई. तेव्हा ते दाराआड उभे होते म्हणे.)

घरी आल्यावर पार्वतीने एवढंच विचारलं, "किती बायकांच्या घरी आहे?"

"मोजलं नाही," मी म्हटलं. खरं तेच बोललो, तरी बांगडा बंद झाला.

दुसऱ्या दिवशी राधा माझा डबा द्यायला दुकानावर आली आणि ठोकळ्याखालून आमची हरवलेली वाटी घेऊन घरी गेली. मी तिच्यात छिन्नीला लावायचं तेल ठेवायचो. विसरलो होतो.

दोन दिवसांनी पार्वतीने राधाकडून लिहून घेतलेला कागद माझ्यापुढे ठेवला. म्हणाली, तुमच्या जेवणाच्या डब्यावर हे घाला. माझं नाव असणार, असं मला वाटलं. मनात आलं, राग गेला. दोन ओळी होत्या. इतकं मन लावून मी कधी कोणाचं नाव घातलं नसेल. आणि शेवटी, तिला बरं वाटावं म्हणून, राघू.

आठवडाभर तो डबा मी दुकानाच्या पायरीवर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा ठेवला. लोक थांबून वाचायचे, माझ्याकडे बघून हसायचे. मीही हसायचो. शेवटी शेठने डबा हातात घेऊन मोठ्याने वाचला.

"हा माणूस पार्वतीचा आहे. हरवल्यास दहिसरला आणून द्यावा."

मग राघू बघून म्हणाले, "सही पण तूच केलीस?"