बिननावाच्या बाळाचं बारसं

नलूआत्यांना बिननावाची गोष्ट सहन होत नाही. जर्मनीत, कोलोनमधल्या आमच्या इमारतीत त्या वरच्या मजल्यावर मुलाकडे राहतात, आणि जिन्यातल्या सायकलींपासून अंगणातल्या खारीपर्यंत सगळ्यांची नावं त्यांनीच ठेवलेली आहेत. माझ्या लेकीचंही. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. पण इथल्या मराठी बाळांच्या आत्या पुण्या-मुंबईला, त्यामुळे गावभरच्या बाळांच्या आत्या याच. ‘कुर्रर्र’ अशा करतात की बाळच काय, बाळाचे बाबाही दचकतात.

मध्यंतरी मी त्यांना म्युझियममध्ये नेलं आणि पस्तावले. एका जुन्या इटालियन चित्रापाशी त्या थबकल्या. जरीचा झगा, गुबगुबीत गाल, इवल्याशा चेहऱ्यावर केवढा तो रुबाब! खालची पाटी मी वाचून दाखवली : उमराव घराण्यातलं मूल, नाव अज्ञात.

“अज्ञात? पोर म्हणजे काय पार्सल आहे? आणि गळ्यात पोवळं बघ. दृष्ट लागू नये म्हणून घातलंय. कुणीतरी जीव लावला होता गं हिला.”

“आत्या, मुलगा असेल. तेव्हा मुलग्यांनाही झगे घालायचे.”

“मुलगीच आहे. आल्झो,” म्हणजे ‘तर मग’, एवढं जर्मन त्यांनी इथं उचललंय, “बारसं कधी करायचं?”

मला वाटलं, विसरतील. पुढच्या रविवारी बाई पैठणी नेसून, घुगऱ्यांचा डबा घेऊन दारात हजर! म्युझियममध्ये खाणं चालत नाही, म्हणून डबा लॉकरमध्ये कोंडला. आत्या तडक चित्रापाशी गेल्या, कानाशी वाकल्या, आणि अलार्म ठणाणा वाजू लागला.

हेर ब्राउन, म्हणजे ब्राउनसाहेब, हे तिथले धिप्पाड रखवालदार धावत आले. मेल्याहून मेल्यासारखं होऊन मी जर्मनमध्ये बारसं समजावू लागले.

“त्यांना सांग,” आत्या म्हणाल्या, “आत्याशिवाय बारसं होत नाही, आणि हिची आत्या आता कुठून आणणार?”

ते मी सांगितलं. हेर ब्राउन चित्राकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “मी रोज हिच्यासमोर उभा असतो. मनातल्या मनात हिला छोटी म्हणतो.”

“बघ! मुलगीच!” आत्यांनी मला सुनावलं.

हेर ब्राउननी जमिनीवरची रेघ दाखवली. रेघेच्या अलीकडून काय हवं ते करा. आत्यांनी त्यांना लगेच कामाला लावलं : नाव सांगताना आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे असतात.

“कुर्रर्र... केतकी!” सगळं दालन दणाणलं. हेर ब्राउननी भीतभीत पाठीवर हात टेकवला.

“जोरात! बारसं आहे!”

हे सांगायला दुभाषी लागली नाही. त्यांनी धपाटा घातला आणि दालनातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बाहेर पायऱ्यांवर घुगऱ्या खाताना मी विचारलं, “हे नाव आजवर कुणालाच दिलं नाहीत?”

“राखून ठेवलं होतं. माझ्या भावाच्या मुलीसाठी. तिच्या बारशाआधीच आमचे हे गेले. वहिनी म्हणाली, विधवेनं पाळण्यापाशी येऊ नये. चुलतबहिणीनं नाव सांगितलं, तेही भलतंच. मी आत घुगऱ्या शिजवत होते.”

त्या कधी न पाहिलेल्या वहिनीचा मला भयंकर संताप आला. आत्या मात्र मजेत खात होत्या.

“इथल्या पोरांना सख्ख्या आत्या आहेत गं, मी आपली बदली. हिला कुणीच नव्हतं. आता मी आहे.” मग पाठ चोळत हसल्या. “काय जोरात मारलंन् मेल्यानं!”