एसुमान मास्तरांचं राहिलेलं वाक्य

एसुमान मास्तरांचं भाषण नेमक्या महत्त्वाच्या वाक्यावर येऊन अडलं.

किनाऱ्यावरचा रेंजर्स फुटबॉल क्लब चर्चच्या अंगणातच उभा राहिलेला. त्यामुळे सामन्याच्या आदल्या संध्याकाळी खेळाडूंना चार गोष्टी सांगायच्या, त्याही प्रवचनासारख्याच. खेळाडू पुढे बसत, मागे कोळी आणि कडेला मासे धुरावर सुकवणाऱ्या बायका. तशी आजवरच्या खेळाला फार शिकवणी लागत नव्हती. गोलरक्षक पानयिन चेंडू आभाळात उडवी, बाकीचे त्याच्यामागे धावत आणि चेंडू बहुधा समुद्रात जाई. तो आणायला एक होडी कायम तयार असे.

नवे मास्तर दूरच्या कुमासी शहरातून आले ते ही होडी बंद करायलाच. चेंडू जमिनीवर ठेवायचा, हा त्यांचा एकच धर्म. क्लबच्या कारभाऱ्यांना तो पटेना. शेवटी मास्तरांनी शब्द दिला, की उद्याचा सामना जिंकला नाही तर मी आपण होऊन परत जाईन.

म्हणून त्या संध्याकाळी ते जीव ओतून बोलले. "चेंडू मागे द्या. वाट नसेल तर आणखी मागे द्या. घाई नको. समोरच्यांना पळू द्या. आणि मग..."

इथे ते थांबले. एकेकाच्या डोळ्यांत बघून पुढचं सांगावं, असा त्यांचा विचार होता. तेवढ्यात मासे सुकवणाऱ्या बायकांतल्या थोरल्या अराबा मावशींनी डोळे मिटून गाणं उचललं.

प्रवचन काळजाला भिडलं की जाणत्या बाईने गाणं उचलायचं आणि बोलणाऱ्याने मान खाली घालून थांबायचं, ही तिथली रीत. त्यात अपमान नाही. शब्द वर पोचला, असंच समजतात. बायकांनी धृपद धरलं, कोळ्यांनी टाळ्यांचा ठेका धरला. मास्तरांचेही डोळे भरून आले. गाणं संपलं तेव्हा मंडळी इतकी तृप्त होती, की पाद्रीबाबांनी प्रार्थना म्हटली आणि सगळे उठले. राहिलेलं पोरांना आपसूक कळेल, अशी मास्तरांनी मनाची समजूत घातली.

पोरांना कळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी चेंडू मागे दिला, मग आणखी मागे दिला. पानयिनने तो बाजूला दिला, तिथून तो पुन्हा पानयिनकडे आला. समोरचे पळून पळून घामाघूम झाले. मैदानाच्या मधोमध होडी आडवी जाईल एवढी फट पडली, पण तिच्याकडे कुणी बघेना.

मध्यंतरात मास्तरांनी विचारलं, "अरे, सारखं मागेच का?"

"तुम्हीच म्हणालात, वाट नसेल तर मागे," पानयिन म्हणाला. "मागे वाट असतेच की, मास्तर."

"पण त्याच्या पुढचं! मी म्हणत होतो, आणि मग..." त्यांना धाप लागली. पाण्याची बादली घेऊन आलेल्या मावशींनी बादली खाली ठेवली आणि गाणं उचललं. ते संपायच्या आत पंचांची शिट्टी झाली.

सामना संपत आला तरी गाणं चालूच. शेवटी मास्तरांनी मान खाली घातली नाही. कडेला उभं राहून त्यांनी मावशींच्याच चालीत सूर लावला, "आणि मग, फट दिसली की पुढे."

"पुढे," बायकांनी धरलं. "पुढे," सगळा किनारा गाऊ लागला. रेंजर्स पुढे गेले. सगळेच गेले. पानयिनही आपलं घर उघडं टाकून गेला, आणि गोल त्यानेच केला. आनंदाने बायकांनी तेच धृपद पुन्हा घेतलं. गाण्यात पुढे म्हणत असताना मागे कसं फिरायचं, म्हणून पोरं पुढेच राहिली. समोरच्या एकाने चेंडू सावकाश ढकलत नेऊन रिकाम्या गोलात ठेवला. सामना बरोबरीत सुटला.

संध्याकाळी मास्तर अंगणात आले ते पिशवी भरूनच. सगळे खाली बघत होते.

"चूक पोरांची नाही," ते म्हणाले. "जिंकलो नाही हे खरं. मी शब्द दिला होता. म्हणून आता मी..."

तेवढ्यात अराबा मावशींनी गाणं उचललं. एक संपलं तसं त्यालाच दुसरं जोडलं. मास्तर मान खाली घालून उभे राहिले. कारभारीही टाळ्या वाजवत होते. मग पाद्रीबाबांनी प्रार्थना म्हटली आणि मंडळी उठली.

"मावशी, माझं वाक्य राहिलं," मास्तर म्हणाले.

मावशींनी त्यांची पिशवी उचलून आपल्या माशांच्या टोपलीत टाकली. "जेवायला चल, मक्याची केंकी निवतेय," त्या म्हणाल्या. "फट दिसली की पुढे. तूच शिकवलंस ना, लेका?"