चव घेतल्याशिवाय यान सुटत नाही

अंतराळात माल न्यायचा तर परवाना लागतो, हे उमसुनाई आपाला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी तिनं ऐकलं नसतं. किर्गिझस्तानातल्या नारिन गावच्या तिच्या गल्लीत आजवर तिला कुणी काही सांगितलेलं नाही, सांगायची ती.

संगणकावरचा अंतराळाचा तो खेळ तिनं धरला लेकापायी. लेकाचं नाव कालमुरात, तो रशियात इमारती बांधायला गेलेला. फोनवर 'बरं आहे' याच्यापुढे त्याची गाडी सरकत नसे. खेळात मात्र शनीपल्याडच्या वसाहतीत बसून तो आईशी तासन्‌तास बोलायचा. आता त्या वसाहतीतलं अन्न संपत आलं होतं. अन्न संपलं की वसाहत खेळातून पुसली जाते. "पुन्हा नव्यानं वसवायचं बळ नाही गं आई, मग मी खेळच सोडेन," असं तो म्हणाला, आणि आपा यानभर रोट्या लादून निघाली.

पहिल्याच नाक्यावर यान अडलं. मोकळ्या आभाळाला शिस्त असावी म्हणून खेळाडूंनी व्यापार मंडळ काढलं होतं, आणि मंडळानं नाके. खिडकीतला आवाज शेजारच्या जिरगलचा होता. एरवी तो बाजारात जर्दाळू विकतो.

"परवाना?"

"मेल्या, तुझा शेंबूड पुसलाय मी. तोच परवाना."

"आपा, इथं मी जिरगल नाही. आवक-जावक अधिकारी आहे."

"अधिकारी झालास म्हणून दारची रोटी माघारी धाडतोस? आजीनं हेच शिकवलं? आधी तुकडा मोड!"

दारी आलेल्या रोटीचा तुकडा तोंडात घातल्याशिवाय ती आणणाऱ्याला जाऊ द्यायचं नाही, हे नारिनमध्ये रांगत्या पोरालाही कळतं. जिरगल ओशाळला. खेळातली रोटी चावता येत नाही, पण खाल्ल्याची नोंद होते आणि यानातून ती कमी होते. त्यानं चव घेतली, यान सोडलं.

आपा खूश झाली. दुर्दैवानं मंडळही खूश झालं. 'या थोर परंपरेचे नियमन करण्यात येत आहे,' असा हुकूम निघाला. यापुढे प्रत्येक नाक्यावर प्रत्येक अधिकाऱ्यानं किमान एक अखंड नग चाखणं सक्तीचं. चाखणारा नीट चाखतो का, हे बघायला चव-निरीक्षक. निरीक्षकांवर उपसमिती, तीही चाखणारी. एकानं पोट भरलंय म्हटलं, त्याला कारणे दाखवा नोटीस गेली.

"अरे, लेकापुरत्या तरी ठेवा रे!" आपा ओरडली.

"परंपरा तुमचीच, आपा. आम्ही फक्त राबवतोय."

शनीपल्याड पोचली तेव्हा एकच रोटी उरली होती. वसाहतीच्या नाक्यावरून आवाज आला, "आई?"

नाका म्हटला की अधिकारी हवाच. बाकीचे भुकेनं पळालेले, म्हणून मंडळानं कालमुरातलाच नेमलं होतं.

"घे बाळा, आत ने."

"नेतो. पण आधी चव, आई. नियम आहे."

किमान एक अखंड नग. नग एकच होता. त्यानं तो खाल्ला आणि शेरा मारला: माल उत्तम. प्राप्त माल शून्य.

वसाहत पुसली गेली. कालमुरातनं खेळ मात्र सोडला नाही. कर्तव्यनिष्ठेबद्दल मंडळानं त्याला मुख्य नाक्यावर बढती दिली. आता आपा रोट्या घेऊन त्याच्या रांगेत उभी असते. खिडकीशी पोचली की विचारते, "जेवलास का रे?" तो उत्तर देणार, तोच मागून कुणीतरी खेकसतं, "ओ आपा, घरच्या गप्पा घरी! आम्ही काय रिकामटेकडे आहोत?"

तो आवाज कुणाचा, हे आपाला अजून ओळखता आलेलं नाही. तुम्हाला येईल; रांगेत उभं राहिलं की तुम्हीच तर काढता तो.