बेबीमावशींचा डाऊट

मी रस्त्यात समोर आले तर बेबीमावशी मला चेहऱ्यावरून ओळखतील की नाही, याची खात्री नाही. भांगावरून मात्र नक्की ओळखतील. त्या समोरच्याच्या डोळ्यांत बघत नाहीत. कपाळाच्या चार बोटं वर बघतात. तिथं काही दिसलं की त्यांचं ठरलेलं वाक्य येतं, "मले डाऊट हाये."

अकोल्यात आमच्या शेजारच्या घरात त्या एकट्या राहतात. एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्यांची नोकरी झाली. निवृत्त होताना तिथली शिस्त आणि एक भिंग त्यांच्यासोबत घरी आलं. भिंतीवर त्यांच्या यजमानांचा, वारलेल्या काकांचा फोटो आहे. भांग इतका सरळ, की पट्टी ठेवून पाडला असावा. त्या फोटोखालच्या स्टुलावर, खिडकीकडे पाठ करून, गल्लीतल्या निम्म्या बायका कधी ना कधी बसलेल्या आहेत.

मावशींचा संशय सगळ्यांवर. बोअरचं खारं पाणी, उशीचे अभ्रे, जाहिरातीत केस उडवणाऱ्या पोरी. कोंड्यावर तेल चोपडणारीला त्या गुन्हेगारच मानतात. "कोंड्याले तेल पाजून राहिली का वं? थो खाते अन् वाढते!" लिंबू चोळणारीला विचारतात, "डोकं हाये का पोहे?" औषधी शाम्पू लावून लगेच धुणारीला घड्याळ हातात धरून पाच मिनिटं तशीच उभी करतात. एका वहिनींच्या टाळूवर केस गेलेला गोल चट्टा दिसला, तेव्हा मात्र त्यांनी भिंग खाली ठेवलं. "हे घरचं काम नाई. चामडीच्या डॉक्टरले दाखव. आजच." दुसऱ्या दिवशी जाऊन डॉक्टरांची चिठ्ठीही बघून आल्या. वहिनी खरंच गेल्या की नाही, याचा डाऊट होता.

त्यांच्या कापडी पिशवीत भिंग असतं, हिरवा कंगवा असतो आणि तळाशी रुमालात बांधलेली एक पुरचुंडी असते. तिला कोणी हात लावायचा नाही. काहीतरी जालीम औषध असणार, असा गल्लीचा संशय आहे.

पण त्यांचा खरा वैरी म्हणजे दुसऱ्याची फणी. "दुसऱ्याची फनी म्हंजे दुसऱ्याचं दुखनं." अशी फणी सापडली की ती उकळत्या पाण्यात जाते. वाकली तर वाकली.

आई गेल्यावर तीन महिन्यांनी माझे केस मुठीनं गळू लागले. मी मावशींना कळू दिलं नाही, कारण माझ्या घरात अशी एक फणी होती. आईची. शिंगाची, अंजनगावच्या बाजारातून घेतलेली. तिच्या दातांत आईचे तीन पांढरे केस अडकलेले होते. मी ती शब्दकोशामागे ठेवून दिली होती.

एकदा आमच्याकडे हात धुवायला गेल्या, तेव्हा मोरीच्या जाळीवरचा केसांचा गुंता त्यांनी पाहिलाच. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पिशवी घेऊन दारात.

"बस. पानी कोनतं?"

"नळाचं."

"ताप-बिप आला होता?"

"नाही."

टाळू तपासून झाली. "साफ त हाये," त्या नाराजीनं म्हणाल्या. हाती लागलेला चोर निर्दोष निघावा, तसा चेहरा. "मंग डाऊट घरावरच हाये."

त्यांनी उशी हुंगली. टॉवेल उलटा करून पाहिला. माझा कंगवा उजेडात धरला. मग पुस्तकांपाशी येऊन थांबल्या.

"बाकीची समदी लाईनीत. हेच कावून पुढं आलं?"

मी काही बोलायच्या आत शब्दकोश बाहेर आला होता आणि फणी त्यांच्या हातात होती.

"कोनाची हे?"

मी फणी घ्यायला हात पुढे केला.

"पातेलं ठेव. पानी उकयू दे."

मी ठेवलं. मावशींसमोर सगळ्याच ठेवतात. पाण्याला बुडबुडे फुटू लागले, तेव्हा कसंबसं म्हटलं, "मावशी, आईची आहे. तिचे केस आहेत त्यात."

मावशींनी फणीला भिंग लावलं. बराच वेळ बघत राहिल्या.

"महिने किती झाले तिले जाऊन?"

"तीन."

"हं. मंग पानी बी नाई अन् तेल बी नाई." त्यांनी भिंग मिटल्या मुठीत धरलं. "दुख केसात उशिरा उतरते, पोरी. तीनेक महिन्यानं. येतीन वापस. नाई आले त डॉक्टर हाये."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

त्यांनी पिशवीच्या तळातली पुरचुंडी काढून सोडली. आत पुरुषांचा काळा खिशातला कंगवा होता. वर्षानुवर्षं पँटच्या मागच्या खिशात बसून बसून वाकलेला. मला फोटोतला तो सरळ भांग आठवला.

"हा नाई उकयला कदी," त्या म्हणाल्या आणि रुमालाची गाठ पुन्हा घट्ट बांधली. "पानी तापलंच हाये, त चहा टाक."

मी चहा टाकत होते, तेव्हा त्यांनी फणी पुन्हा जागेवर ठेवली. तिच्यापुढे शब्दकोश लावला. मग त्या ओळीतली बाकीची पुस्तकं, एक एक करून, शब्दकोशाएवढीच पुढं ओढली. भिंग डोळ्याला लावून सगळी रांग तपासली.

"आता," त्या म्हणाल्या, "कोनाले डाऊट नाई येत."